‘उत्तर द्या’ हे बटण काढल्यावर

आशावादी : तुमचा आक्षेप काय असेल याची मला कल्पना आहे, म्हणून आधी एक अनुभव सांगतो. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास दोन वर्षं अडला होता. बत्तीस घरं, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि रोजची वादावादी. काहींना कॉर्पस फंड जास्त हवा होता, काहींना कार्पेट एरिया. ग्रुपवर लिहिणारे पाच-सहा जण. बाकीच्यांनी हळूहळू धरून चाललं होतं की आपणही या दोनपैकी कुठल्यातरी बाजूचे असणार. शेवटी मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येकाला आपलं म्हणणं एका वाक्यात, नाव न घालता लिहायला सांगितलं आणि ती सगळी वाक्यं सगळ्यांपुढे ठेवली. प्रत्येक वाक्यापुढे तीनच पर्याय : सहमत, असहमत, पास. उत्तर द्यायची सोय मुद्दाम ठेवली नाही. चार दिवसांत दिसलं की दोन्ही बाजूंच्या जवळजवळ प्रत्येक घराला एकच भीती आहे. बिल्डरने काम मधेच सोडलं तर आपलं भाडं कोण भरणार? बिल्डरकडून बँक गॅरंटी घ्यावी, हे वाक्य सत्तावीस घरांना मान्य होतं. दोन वर्षांत त्यावर ग्रुपमध्ये धड चर्चा झाली नव्हती, कारण त्यावर कुणाचं भांडणच नव्हतं. ज्यावर भांडण नाही ते वर येत नाही, आणि वर येत नाही म्हणून ते कुणाचंच नाही असं वाटत राहतं. मोठ्या प्रश्नांचंही हेच झालंय असं मला वाटतं. बोलणाऱ्यांच्या रांगेत कोण पुढे उभं राहणार हे आज अल्गोरिदम ठरवतो. मग तो रांग कशाच्या आधारे लावतो, हा लोकशाहीचा प्रश्न नाही का?

साशंक : आहे, आणि जुना आहे. ग्रामसभेतही कोण आधी बोलतो यावर पुष्कळ काही ठरतं. पण बत्तीस घरांचा हिशोब तुम्ही बारा कोटींच्या राज्यावर लावताय. शिवाय तुमच्या बोलण्यात एक गृहीत दडलंय : आपल्यातली फूट रांग लावणाऱ्या यंत्राने पाडली, म्हणून रांग बदलली की फूट भरून निघेल.

आशावादी : पूर्ण भरून निघेल असं मी म्हणत नाही. पण यंत्राचा हात किती आहे हे आपल्याला कागदोपत्री माहीत आहे. २०१७ पासून फेसबुक वापरणाऱ्यांच्या इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होतं. रागाने लाल झालेला चेहराही त्यात आला. म्हणजे एखाद्या पोस्टवर माणूस चिडला, तर ती त्याला आवडल्यापेक्षा पाचपट जोराने पुढे ढकलली जाणार. २०२१ मध्ये माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी कंपनीतले अंतर्गत कागद बाहेर आणले तेव्हा हे जगाला कळलं. अशा पोस्टमध्ये खोटी माहिती जास्त असते हे कंपनीतल्याच लोकांनी आधी दाखवून दिलं होतं, आणि टप्प्याटप्प्याने रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं. यातून मी एक गोष्ट शिकलो. ते पाच आणि ते शून्य माणसांनीच लिहिलेले आकडे होते. एका खोलीत बसून काही इंजिनिअर तो आकडा बदलू शकत होते. मग तो आकडा राग मोजण्याऐवजी दुसरं काही मोजायला का लावू नये?

साशंक : कारण आकडा बदलून पाहिला गेलाय आणि निकाल तुम्ही म्हणता तितका सरळ नाही. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात संशोधकांनी फेसबुकच्या मूळ कंपनीच्या, मेटाच्याच, सहकार्याने हजारो वापरकर्त्यांचा फीड तीन महिने अल्गोरिदमशिवाय ठेवला. नवं वर, जुनं खाली, एवढाच नियम. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. लोक तिथे कमी वेळ रमले, पण त्यांच्या राजकीय मतांत आणि परस्परांविषयीच्या कडवटपणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि इतक्या लांब कशाला जायचं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर तर क्रमवारी लावणारा अल्गोरिदम नाही. तिथे निरोप एका माणसाने दुसऱ्या माणसाला आपल्या हाताने पाठवलेला असतो. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाच जणांनाच निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती. पण भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांकडे बघण्याची आपली जी नजर होती, ती कुठल्या फीडने तयार केली होती? आपल्या समाजातला संशय यंत्राच्या आधीचा आहे. दर वेळी यंत्राचं नाव घेतलं की आपण सुटतो, म्हणून मी हे बोलतोय.

आशावादी : राईनपाड्याबद्दल तुम्ही म्हणता ते मी मान्य करतो. ते मान्य न करता पुढे बोलणं बेइमानीचं होईल. पण फीड काढून घेणं आणि दुसऱ्या हेतूने रांग लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो प्रयोग पहिल्या प्रकारचा होता. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण तैवानचं आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्याची गोष्ट फार ढोबळपणे सांगितली जाते.

मार्च २०१४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी संसदेचं सभागृह ताब्यात घेतलं. चीनबरोबरचा सेवा-व्यापाराचा करार सरकार पुरेशा चर्चेशिवाय रेटतंय हा त्यांचा राग होता. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते आत होते. ते ‘सूर्यफूल आंदोलन’. आतल्या चर्चा बाहेर थेट दाखवण्याचं काम ‘गव्ह-झिरो’ नावाच्या प्रोग्रामर मंडळींनी केलं. ऑड्री टँग त्यांच्यातल्याच. आंदोलनानंतर सरकारच्याच एका मंत्र्यांनी या मंडळींकडे जाऊन सांगितलं की, कायदे करण्याआधी लोकांशी बोलायची एखादी जागा तयार करा. त्यातून ‘व्ही-तैवान’ उभं राहिलं आणि २०१५ मध्ये उबरचा प्रश्न तिथे आला. टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले होते. उबर वापरणारे म्हणत होते, आम्हाला हेच हवंय.

त्यांनी ‘पोलिस’ नावाची प्रणाली वापरली. पोलीस खात्याशी तिचा संबंध नाही, ग्रीक नगरराज्याच्या नावावरून आलेला तो शब्द आहे. सिएटलमध्ये ती तयार झाली. माझ्या सोसायटीत मी केलं ती हिचीच छोटी नक्कल होती. लोक छोटी वाक्यं लिहितात, बाकीचे सहमत, असहमत किंवा पास म्हणतात. कोण कोणाशी किती वेळा सहमत झालं यावरून संगणक माणसांचे गट पाडतो आणि पडद्यावर नकाशासारखे दाखवतो. तुम्ही स्वतः त्या नकाशावर कुठे उभे आहात हे तुम्हाला दिसतं. मग प्रणाली शोधते की दोन्ही गटांना मान्य होईल असं वाक्य कुठलं. उत्तर द्यायचं बटण नाही, त्यामुळे चिडून लिहायला जागाच उरत नाही. दुसऱ्याचं वाक्य खोडायचं असेल तर त्याहून चांगलं वाक्य लिहावं लागतं. सुरुवातीला उबरच्या बाजूचे आणि विरोधातले असे तट पडले. काही आठवड्यांत प्रवाशांचा विमा, चालकाचा परवाना, कर, आणि टॅक्सीवाल्यांनाही अ‍ॅपवरून धंदा करायची मुभा अशा मुद्द्यांवर दोन्ही तट एकत्र दिसू लागले. नंतर उबर, टॅक्सी संघटना आणि खात्याचे अधिकारी यांची समोरासमोर बैठक झाली, ती सगळ्या देशाला थेट दिसत होती, आणि २०१६ मध्ये नियम बदलले. हे स्वप्न नाही. घडलेलं आहे.

साशंक : घडलेलं आहे, पण टॅक्सीच्या बाबतीत. उबरच्या प्रश्नावर तैवानमधली घरं दुभंगलेली नव्हती. तो नवा प्रश्न होता, त्यावर लोकांची मतं अजून ओली होती. आणि व्ही-तैवानच्या निष्कर्षांचं सरकारवर बंधन नव्हतं, हेही सांगायला हवं. ऑनलाइन मद्यविक्रीवर तिथे बरीच सहमती झाली होती, ती २०१८ पर्यंत तरी कायद्यात उतरलेली नव्हती. माझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. दोन्ही गटांना मान्य असलेलं वाक्य शोधणं हेच तुमच्या यंत्राचं ध्येय. मग मला सांगा, १९३० साली नाशिकमध्ये हे यंत्र असतं तर काय वर आलं असतं? गोदाकाठ स्वच्छ ठेवावा, यात्रेकरूंसाठी पाण्याची सोय करावी, असली वाक्यं वर आली असती. दोन्ही गटांनी सहमत म्हटलं असतं. काळाराम मंदिराचं दार आम्हाला उघडा, हे दलितांचं वाक्य तळाला गेलं असतं, कारण त्यावर पूर्ण फूट होती. जे म्हणणं खरं म्हणजे ऐकलं जायला हवं होतं, नेमकं तेच दोन गटांत पूल न बांधणारं म्हणणं ठरलं असतं. तुम्ही रागाचं वजन शून्य केलंत म्हणून खूश आहात. मला वाटतं, काही राग पाचपट वजनाचाच असतो.

आशावादी : थांबा, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्या यंत्राबद्दलची एक माहिती तुमच्याकडून निसटली आहे. ते डोकी मोजून सहमती ठरवत नाही. एका गटात हजार माणसं आणि दुसऱ्यात पन्नास असली तरी दोन्ही गटांतल्या सहमतीचं प्रमाण वेगवेगळं काढून त्यांचा गुणाकार केला जातो. पन्नास जणांच्या गटात सहमती शून्याच्या जवळ असेल तर हजारांच्या गटाची पूर्ण सहमतीही तो गुणाकार वर आणू शकत नाही. बहुमताच्या मतपेटीत हे संरक्षण नाही. गावकुसाबाहेरच्या पन्नास घरांचं ‘असहमत’ नकाशावर स्वतंत्र रंगात, ठळक दिसतं. आणि फूट पाडणारी वाक्यंही प्रणाली लपवत नाही. कोणत्या वाक्यावर समाज दुभंगलेला आहे हे ती वेगळं काढून दाखवते.

मी तर तुम्हाला तुमच्याच अंगणातलं उदाहरण देतो. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. प्रतिनिधींची सहमती झाली आणि दुसरीकडे मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या. नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि ते आलं तेव्हा ‘मराठवाडा’ हा शब्दही राहिला. नामांतराऐवजी नामविस्तार. दोन्ही बाजूंना पेलेल असं वाक्य सापडायला साडेपंधरा वर्षं लागली. सभागृहात काय मंजूर होतंय आणि गावागावांत काय शिजतंय यातली दरी जुलै १९७८ पूर्वी एखाद्या नकाशावर दिसली असती, तर त्या वस्त्या वाचल्या नसत्या का?

साशंक : हे उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं केलंत, कारण आपला मतभेद इथेच आहे. तुम्ही म्हणता, मधलं वाक्य सापडायला साडेपंधरा वर्षं लागली. मी त्या काळात मराठवाड्यात वाढलो. दोन्ही नावं ठेवा हे कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. अडलं होतं ते माहितीअभावी नव्हतं. विरोध करणाऱ्यांच्या हातात जमिनी होत्या, गावातली मजुरी होती, पाणवठे होते. त्यांचा नकार किंमत वसूल करू शकत होता. दलितांनी त्या नावासाठी जीव दिले. शेवटी झालेला विस्तार मी आनंदाने स्वीकारतो, पण त्याला दोन्ही गटांची सहमती म्हणणं मला जड जातं. एका बाजूने हक्क मागितला होता आणि दुसऱ्या बाजूने तो किती द्यायचा हे ठरवलं.

आता तुमच्या गुणाकाराकडे या. पन्नास जणांचा गट हजारांना अडवू शकतो, हे तुम्ही दुबळ्यांचं संरक्षण म्हणून सांगितलंत. पण तो लहान गट कोणाचा आहे हे गणिताला कळत नाही. ते पन्नास जण गावकुसाबाहेरचे असतील तसे पन्नास मोठे जमीनदारही असू शकतात. पिळला जाणारा लहान गट आणि पिळणारा लहान गट, दोघांनाही यंत्र सारखाच नकाराधिकार देतं. त्या दोघांतला फरक कळायला इतिहास माहीत असावा लागतो, न्याय-अन्यायाची कल्पना असावी लागते. आपल्या घटनेने काही गोष्टी सहमतीवर सोडल्या नाहीत, त्या हक्क म्हणून लिहून टाकल्या. अस्पृश्यता पाळू नये हे सतराव्या अनुच्छेदात आलं ते दोन्ही गटांना विचारून आलं नाही.

आशावादी : मान्य. पूर्ण मान्य. माझ्याकडे त्या गुणाकाराला न्याय शिकवायचा मार्ग नाही. मग मी माझा दावा लहान करतो. हक्कांचे प्रश्न या प्रणालीपुढे ठेवूच नयेत. पण राज्यकारभारात रोज शेकडो प्रश्न असे येतात की जे हक्कांचे नसतात आणि तरी त्यात लोकांना विचारायला हवं असतं. आज आपण कसं विचारतो? ‘हरकती व सूचना’. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात नोटीस, तीस दिवस किंवा साठ दिवस, आणि मग गठ्ठे. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा हजारो हरकती गेल्या, इतका गोंधळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावं लागलं. त्या हजारो कागदांत एकाने दुसऱ्याचं वाचलेलं नाही. प्रत्येकजण सरकारशी एकेकटा बोलला. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा लाखो लोकांनी लिहिलं, आणि त्याआधी मसुदा सगळ्या अनुसूचित भाषांत द्यावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. ज्या कोकणात खाणी आणि कारखाने येणार तिथल्या माणसाला स्वतःच्या भाषेत मसुदा मिळण्यासाठी कोर्ट लागतं! लाखो सूचना वाचून, गट करून, काय म्हणणं आहे ते मांडणं माणसांच्या आवाक्यात राहिलेलं नाही. यंत्राच्या आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन नावाचं शहर आहे. २०२५ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या सुमारे आठ हजार रहिवाशांनी पुढच्या पंचवीस वर्षांच्या नियोजनावर अशाच पद्धतीने दहा लाखांहून अधिक मतं नोंदवली, आणि यंत्राने त्यांचा सारांश काढला. वस्तीतल्या बाईने अहिराणीत बोलावं, गोंदियातल्या शेतकऱ्याने झाडीबोलीत, आणि दोघांनी एकमेकांचं वाचावं, हे पहिल्यांदा शक्य होऊ घातलंय. तुम्ही ते सोडून द्यायला तयार आहात?

साशंक : भाषेच्या बाबतीत तुमच्या बोलण्याने मी हललो, हे कबूल करतो. पण सारांश हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. गठ्ठ्यातली हरकत वाचली गेली नाही, तरी ती माझ्या शब्दांत तिथे पडलेली असते. उद्या कोर्टात मी ती दाखवू शकतो. सारांशात ती कुणीतरी बदललेली असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या संशोधकांचा ‘सायन्स’मधला प्रयोग तुम्ही वाचला असेल. ब्रिटनमधल्या पाच हजारांहून अधिक लोकांना वादग्रस्त प्रश्नांवर मतं मांडायला लावली आणि सगळ्यांना पटेल असा मजकूर एकदा यंत्राने लिहिला, एकदा माणूस मध्यस्थाने. लोकांनी यंत्राचा मजकूर जास्त वेळा पसंत केला. त्या यंत्राला त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासचं नाव दिलं. हाबरमासने आयुष्यभर काय सांगितलं? एकमेकांना कारणं देणं आणि एकमेकांकडे कारणं मागणं. या प्रयोगात माणसं कारणं यंत्राला देत होती. मजकूर सुंदर आला असेल. पण माझं म्हणणं ऐकून तुमचा चेहरा बदलला, तुम्ही क्षणभर थांबलात, मग म्हणालात की असं मी पाहिलं नव्हतं, हे त्यात कुठे घडलं?

तुमच्या ‘पोलिस’मध्येही हीच गोष्ट मला खुपते. उत्तर द्यायचं बटण काढलंत तेव्हा शिवीगाळ गेली, हे खरं. त्याच बटणाबरोबर जबाबदारीही गेली. मी ‘असहमत’ म्हणून पुढे सरकतो आणि माझ्याकडे का असं कुणी विचारत नाही. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत आहे. जेमतेम शंभर घरांचं गाव, धानोरा तालुक्यातलं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. आणि तिथे दोन वेगळ्या जागा आहेत. अभ्यासगट विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणत्यांना बोलावतो, वाद घालतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक, सुमारे अठराशे हेक्टर जंगल. हे वर्षानुवर्षं बसून झालेलं आहे. समजून घेण्याची आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवली, आणि दोन्हीकडे माणूस माणसाला उत्तर देत होता. तुमच्या यंत्रात मतं मोजली जातात. मत पिकतं कुठे?

आशावादी : मेंढ्यात शंभर घरं आहेत, तुम्हीच म्हणालात. बारा कोटींची ग्रामसभा भरवायची कुठे? मला आक्षेप कळतो, पण त्याची किंमतही मोजा. मेंढ्याचा आदर्श धरून बसलं तर राज्याच्या पातळीवर कुणालाच न विचारणं, एवढंच हाती उरतं. मला वाटतं, एक वाट आहे. आयर्लंडने गर्भपाताच्या प्रश्नावर लोकांमधून यादृच्छिक निवडीने नव्याण्णव नागरिक घेतले, त्यांच्यावर न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांना अध्यक्ष नेमलं. ते महिनोन्‌महिने शनिवार-रविवारी बसले, डॉक्टरांचं, धर्मसंस्थेचं, बायकांचं ऐकलं, एकमेकांना उत्तरं दिली. मग मे २०१८ चं सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली बंदी काढायला कौल दिला. तिथे मत पिकलं. पण त्या नव्याण्णवांपुढे प्रश्न संसदेने ठेवला होता. मी म्हणतो, कुठले प्रश्न ठेवायचे, कुठल्या शब्दांत ठेवायचे, कुणाचं ऐकायचं, हे लाखो लोकांच्या नकाशावरून ठरू द्या. यंत्राला अभ्यासगटाचा कारकून करा, आणि समोरासमोरचं बोलणं चिठ्ठीने निवडलेल्या माणसांकडे सोपवा. आणि सरकारने त्यांच्या प्रत्येक शिफारशीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, असा कायदा करा. उत्तर द्यायचं बटण मी लोकांच्या हातातून काढलं, ते सरकारच्या टेबलावर ठेवतो.

साशंक : हे मी पहिल्यांदाच गंभीरपणे ऐकतोय. आणि म्हणूनच आता एक टोचरा प्रश्न. तो कारकून नोकरी कुणाची करतो? २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने इंटरनेटच्या समानतेवर मतं मागवली तेव्हा दहा लाखांच्या वर ई-मेल गेले. ट्रायने ते जसेच्या तसे प्रसिद्ध केले, लोकांच्या ई-मेल पत्त्यांसकट. वर्षअखेर दुसऱ्या फेरीत फेसबुकने काय केलं? निवडक वेबसाइट फुकट देणारी आपली ‘फ्री बेसिक्स’ योजना वाचवा म्हणून आपल्याच भारतीय वापरकर्त्यांच्या पडद्यावर तयार मजकूर ठेवला. एक बटण दाबलं की तुमच्या नावाने निरोप ट्रायला. ट्रायला सांगावं लागलं की, आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये नियम लोकांच्या बाजूने आला, ते चांगलंच झालं. पण तो प्रसंग मी विसरत नाही. ज्याच्या अंगणात सभा भरली होती तोच वादातला पक्षकार होता आणि सभेत कुणी काय बोलायचं हेही तोच लिहून देत होता. अल्गोरिदम खासगी कंपनीच्या हातात असेल तर हे होणार. आणि सरकारच्या हातात असेल तर? नकाशावर कोण कुठे उभा आहे हे लोकांना दिसेल म्हणता, ते सरकारलाही दिसेल. कोणते पन्नास जण कायम ‘असहमत’ म्हणतात, याची यादी आयतीच.

आशावादी : प्रणाली खुली असावी, तिचं गणित कुणालाही तपासता यावं, नोंदी नावाशी जोडलेल्या नसाव्यात. ‘पोलिस’चा प्रोग्राम खुलाच आहे. ट्विटरवरच्या, म्हणजे आताच्या एक्सवरच्या, कम्युनिटी नोट्सचंही गणित खुलं आहे. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना एखादी टीप उपयुक्त वाटली तरच ती दिसते. चुका आहेत, बहुतेक टिपा कधी लोकांपर्यंत पोचतच नाहीत. पण त्या चुका बाहेरच्या माणसाला मोजता येतात, कारण दार उघडं आहे. मी कंपनीवर भरवसा ठेवा म्हणत नाही, सरकारवरही नाही. निनावीपणावर ठेवा म्हणतो. माझ्या सोसायटीत बँक गॅरंटीचं वाक्य कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही. ते माहीत असतं, तर अर्ध्या लोकांनी माणूस बघून मत दिलं असतं.

साशंक : तुमच्या सोसायटीत वॉचमन आहे?

आशावादी : आहे. जिन्याखालच्या खोलीत राहतो. बायको, दोन मुली. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून.

साशंक : इमारत पाडल्यावर तो कुठे जाणार, हे वाक्य तुमच्या यादीत होतं?

आशावादी : नव्हतं. तो सभासद नाही. पुनर्विकासाला संमती सभासदांचीच लागते, त्यामुळे मी लिंक सभासदांनाच पाठवली होती. (थोडं थांबून) मी मुद्दाम वगळला नाही. डोक्यातच आलं नाही.

साशंक : मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मलाही कदाचित सुचलं नसतं. पण आता समजा, त्याला लिंक पाठवलीत. तो एकटा आहे. तुमच्या गणितात एका माणसाचा गट होत नाही. तो बाकीच्या बत्तीस घरांपैकी कुठल्यातरी रंगात मिसळून जाईल.

आशावादी : तरी त्याचं वाक्य तिथे येईल. बत्तीस घरांना ते वाचून सहमत किंवा असहमत म्हणावं लागेल. आज ते कुणाला वाचावंच लागत नाहीये.

साशंक : येईल. पण निनावी राहील का? ‘इमारत पाडल्यावर आमच्या खोलीचं काय’ असं त्या इमारतीत दुसरं कोण लिहिणार? ज्याच्यासारखे पुष्कळ आहेत त्याला तुमचं निनावीपण झाकतं. त्याला नाही झाकणार. आणि उद्या पगार वाढवायचा की नाही हे ठरवणारे तेच बत्तीस जण आहेत.

आशावादी : मग त्याच्या वतीने मी लिहीन.

साशंक : तुमच्या शब्दांत?

आशावादी : माझ्या शब्दांत लिहिलं तर ते माझं म्हणणं होईल, तो काय म्हणाला असता ते राहून जाईल. त्याला लिहायला सांगितलं तर सगळे त्याला ओळखतील... संध्याकाळी खाली जाऊन आधी त्यालाच विचारतो, त्याला काय हवंय ते. लिंकचं मग बघू.

साशंक : मीही येतो. पण त्याने आपल्या दोघांना विचारलं की, साहेब, हे कुठे लिहून घेताय, तर काय सांगायचं ते वाटेत ठरवू या.